अडतिसाव्या पानापर्यंत

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी जेवायला घरी गेली होती आणि मी वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी बसून बांधणीला द्यायच्या पुस्तकांची यादी करत होते. पांढरा सदरा-लेंगा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी असे साठी ओलांडलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले. चपला बाहेर काढून आत आले. आमच्याकडे चपला काढायची पद्धत नाही, पण त्यांनी काढल्या. एका पुस्तकाचं नाव सांगितलं, कवीचंही सांगितलं. मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. जुनी दाखल नोंदवही चाळली तेव्हा १९४९ सालच्या पानावर सापडलं. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटातून ते काढून आणलं. ६४ पानांचं, वरचं वेष्टन केव्हाच गेलेलं, पानं चहाच्या डागासारखी तांबूस आणि कडांना इतकी ठिसूळ की टेबलावर ठेवताना बारीक चुरा पडला. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. उघडलं आणि ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "ताई, ह्याची एक झेरॉक्स मिळंल का? पैशे देतो की."

"झेरॉक्स नाही मिळणार काका. कॉपीराइट असतो." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पुस्तकांच्या झेरॉक्स काढून मिळणार नाहीत. हुकमावरून.' त्यांनी चष्मा वर सरकवून ती पाटी सबंध वाचली. वाद घातला नाही. "मग लिवून घेतलं तर चालंल?" एवढंच विचारलं. "हो, लिहून घ्या की," मी म्हटलं. मला वाटलं, आपण किती सोपा मार्ग काढून दिला. ते उठले, समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणि एक डॉटपेन घेऊन आले आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसले.

तीन दुपारी ते आले. एस.टी.नं यायचे, पाच साडेपाचला निघायचे. डाव्या हाताचं बोट छापील ओळीखाली ठेवायचं, उजव्या हातानं लिहायचं, ओळ संपली की बोट खाली सरकवायचं. हात थरथरायचा म्हणून अक्षर मोठं काढत होते, त्यामुळे छापील एका पानाला वहीची दोन पानं लागत होती. कुठे अडले की मला हाक मारत. जुन्या टाइपातलं एखादं जोडाक्षर पुसट झालेलं असे. मी जाऊन वाचून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी एस.टी.चं तिकीट खूण म्हणून पुस्तकात ठेवलं आणि "उद्या येतो" म्हणून गेले. चौथ्या दिवशी आले नाहीत. पाचव्याही नाही. आठवड्यानं मी पुस्तक परत कपाटात ठेवायला घेतलं तेव्हा तिकीट ३८ व्या पानावर होतं.

ते तिकीट मी काढलं नाही.

कॉपीराइट हा शब्द मी तेव्हा बारा वर्षं वापरत होते. बी. लिब.ला त्यावर एक प्रकरण होतं आणि परीक्षेत 'टिपा लिहा' मध्ये पाच मार्कांना यायचं. ते पाच मार्क मी मिळवले होते. नोकरीला लागले तेव्हा ती निळी पाटी भिंतीवर होतीच. ती कोणी, कधी, कोणत्या हुकमावरून लावली हे मी विचारलं नाही आणि माझ्या आधीच्यांनीही विचारलं नसावं. पुस्तकाच्या नावपानामागे 'सर्व हक्क सुरक्षित' छापलेलं असतं. जुन्या पुस्तकांवर तर 'हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदले असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्या स्वाधीन ठेविले आहेत' अशी भारदस्त ओळ असते. ती वाचली की वाटायचं, या वाक्यापलीकडे काही नाही. सगळे हक्क त्यांच्याकडे, आपल्याकडे फक्त जपण्याचं काम. कोणी जास्त खोदून विचारलं तर 'कायदा आहे' म्हटलं की संपायचं. कायदा म्हणजे नेमकं काय, हे बघायची वेळच कधी येत नाही, कारण समोरचा माणूसही त्या शब्दाला घाबरतो. दोघं घाबरलेली माणसं टेबलाच्या दोन बाजूंना उभी असतात आणि मध्ये पुस्तक पडलेलं असतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पेपरात दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी आली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं एक झेरॉक्सचं दुकान होतं. विद्यापीठानं नेमून दिलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून त्यांचे गठ्ठे मुलांना मिळायचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन मोठ्या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा ठोकला. चार वर्षांनी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. स्वामित्व हक्क, म्हणजे कॉपीराइट, हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असं त्यांनी निकालात म्हटलं. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच मजकुरानं. आपण कायद्याचे विद्यार्थी होतो तेव्हा झेरॉक्स महाग आणि वेळखाऊ होती. मुलं पाळीपाळीनं ग्रंथालयात बसून पुस्तकांतली पानंच्या पानं हातानं उतरवून घ्यायची, अशी आठवण न्यायमूर्तींनी लिहिली होती. हातानं उतरवणं तेव्हा गुन्हा नव्हता, मग यंत्र आलं म्हणून तेच काम गुन्हा कसं होईल, असा त्यांच्या विचाराचा रोख. मी पेपर खाली ठेवला आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. काकांना मी हातानं लिहायला सांगितलं होतं आणि झेरॉक्सला नाही म्हटलं होतं. ते कशाच्या आधारावर?

कशाच्याच नाही. स्वामित्व हक्काचा आमचा कायदा १९५७ चा. त्यात लेखकाला दिलेला हक्क आहे तो 'कोणत्याही भौतिक रूपात' प्रत करण्याचा. त्यात यंत्र आणि बोरू असा भेद नाही. एखादी गोष्ट झेरॉक्सनं करणं चूक असेल तर वहीत उतरवणंही तितकंच चूक, आणि वहीत उतरवणं चालत असेल तर झेरॉक्सला हरकत घ्यायचं मला कारण नव्हतं. मी मधल्यामध्ये एक नवाच कायदा केला होता, ज्यात म्हाताऱ्या माणसाच्या हाताला कळ लागली की पुस्तकाची अब्रू वाचते.

तसं पाहिलं तर आपल्याकडचं सगळं जुनं धन उतरवून घेणाऱ्यांनीच आपल्यापर्यंत पोचवलंय. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसं घोटावं, बोरू कसा तासावा, ओळी कशा सरळ ठेवाव्यात. ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला तो उतरवून घेणाऱ्याची एवढी काळजी. संताजी जगनाड्यांच्या वह्या नसत्या तर गाथेतलं किती उरलं असतं कोण जाणे. पोथ्यांच्या शेवटी नकलाकार लिहायचे की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. बांधणीची यादी करताना हा श्लोक मला हटकून आठवतो. तो पुस्तकाच्या तोंडी घातलाय, पण बोलतोय तो मान मोडून महिनोन्महिने बसलेला नकलाकार. आणि मी त्याच कुळातल्या एका माणसाला खिडकीत बसवलं होतं, तेही तीन दुपारी, उन्हाळ्यात.

कायद्याचं पुस्तक मी जिल्ह्याच्या ठिकाणाहून विकत आणलं. बारीक टाइप, उपकलमात उपकलम, 'परंतु असे की' नं सुरू होणारी वाक्यं. देवघेव चालू असताना टेबलाखाली ठेवायचे आणि सवड मिळाली की वाचायचे. पहिल्या वाचनात काही कळलं नाही. दुसऱ्यांदा कलम ५२ पाशी थांबले. काय काय केल्यानं हक्काचा भंग होत नाही त्याची ती लांबलचक यादी. खासगी वापर, संशोधन, समीक्षा. शिक्षक-विद्यार्थ्यांचं शिकणं-शिकवणं, ज्यावर दिल्लीचा निकाल उभा आहे. तो आडोसा आमच्या वाचनालयाला नाही, कारण आम्ही शाळा नव्हे. पण आणखी खाली गेल्यावर 'ओ' हा खंड आला. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रभारी व्यक्तीनं, किंवा तिच्या सांगण्यावरून, भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपेक्षा जास्त नाहीत इतक्या प्रती करणं, हा भंग नव्हे. त्याच्याच वरच्या खंडात, २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं: ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवून ठेवता येते.

ग्रंथालयाची प्रभारी व्यक्ती.

म्हणजे मी. तालुक्याच्या गावातल्या, बाजारपेठेमागच्या बोळातल्या, पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागणाऱ्या वाचनालयातली मी. आमच्या कामाची दखल घेणारी माणसं कमी. अनुदान उशिरा येतं, पगार सांगण्यासारखा नाही, तपासणीला येणारे आधी नोंदवह्या मोजतात. आणि इथे संसदेनं केलेल्या कायद्यात, कोट्यवधींच्या व्यवहाराच्या कलमांमध्ये, कोणीतरी माझ्यासाठी एक खिडकी उघडी ठेवली होती. तीन प्रतींची. त्या माणसानं विचार केला असणार की एखाद्या आडगावी एखादं पुस्तक शेवटचं उरलेलं असेल, कसर लागलेली असेल, छापणारा गेलेला असेल, आणि ते वाचवायचं तर कुणाला विचारत बसायला वेळ नसेल. मी त्या खिडकीला पाठ लावून बारा वर्षं उभी होते आणि लोकांना सांगत होते की इथे भिंत आहे.

मग उरला प्रश्न पुस्तकाचा. त्यावर हक्क अजून होता का? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांची पन्नास वर्षं १९९१ अखेर संपत होती, तेव्हा घाईनं वटहुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी कायद्यातच साठ झाली. त्यामुळे तोवर हक्क न संपलेल्या सगळ्याच लेखकांना दहा वर्षं मिळाली, माझ्या कपाटातल्या या कवीलाही. पण हा कवी गेला कधी? पुस्तकात नुसतं नाव आणि खाली 'प्राथमिक शिक्षक'. प्रस्तावनेच्या शेवटी एका गावाचं नाव होतं. एका रविवारी तिथे गेले. शाळा बंद होती. शिपायानं किल्ली आणली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांच्या वर, एक काळवंडलेली तसबीर होती. फेटा, जाड मिशा, डोळ्यांत थोडी भेदरलेली नजर, फोटो काढायची सवय नसलेल्या माणसाची असते तशी. मी पदरानं काच पुसली. खाली बारीक अक्षरात जन्म आणि मृत्यू. मृत्यू १९५१.

१९५२ पासून साठ मोजले तर २०११ अखेर. म्हणजे १ जानेवारी २०१२ पासून हे पुस्तक सगळ्यांचं झालं होतं. काका मे २०१६ मध्ये आले. मी ज्या कुंपणाकडे बोट दाखवलं ते निघून चार वर्षं झाली होती.

बहिणाबाई चौधरीही १९५१ सालच्याच. पण त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती त्या गेल्यावर, १९५२ मध्ये. आणि लेखकाच्या मागे प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात. म्हणून ती एक वर्ष उशिरा, २०१२ अखेर मोकळी झाली. हे हिशेब मी तेव्हापासून एका वहीत ठेवते. मर्ढेकर आणि बाबासाहेब दोघेही १९५६ चे, त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ ला मोकळी झाली. बाबासाहेबांचा धम्मावरचा अखेरचा ग्रंथ महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला, म्हणून तो आणखी एक वर्षानं. अण्णाभाऊ आणि अत्रे १९६९ चे, २०२९ अखेर. इरावतीबाई १९७०, खांडेकर १९७६, पु. ल. थेट २०६० पर्यंत. माणसांच्या मरणाची अशी वही ठेवणं मला सुरुवातीला नको वाटायचं. आता १ जानेवारीला सकाळी ती उघडते तेव्हा कोणीतरी घरी येणार असल्यासारखं वाटतं. तरी अण्णाभाऊंच्या नावापाशी हात थांबतोच. सव्वीस-सत्तावीस भाषांत गेलेला हा लेखक गोरेगावात गरिबीत गेला. साठ वर्षं राखलेला हक्क त्याच्या हयातीत त्याचं घर चालवू शकला नाही. कायदा मरणानंतरचं नेमकं मोजतो; जिवंतपणी काय मिळालं, ते मोजायला आपल्याकडे कुणी नाही.

कार्यवाहांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "बाई, आपल्यावर केस नाही ना होणार?" प्रश्न बरोबर होता. जाणूनबुजून हक्काचा भंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, हे त्याच पुस्तकात लिहिलंय. मी त्यांना कलम ५२ दाखवलं, तसबिरीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला आणि बोटांवर वर्षं मोजून दाखवली. त्यांनी स्वतः पुन्हा मोजली. मग म्हणाले, "करा."

पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर उलटं दाबलं असतं तर पाठ मोडली असती. टाचण्या लोखंडी, गंजून कागदात उतरलेल्या. प्रत्येक टाचणीभोवती तपकिरी वर्तुळ. म्हणून मी एका रविवारी ते खिडकीत ठेवलं, जिथे काका बसले होते तिथेच. खाली जुनी पांढरी चादर, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे उतार म्हणजे पुस्तक पूर्ण उघडावं लागू नये, आणि एकेका पानाचा मोबाइलवर फोटो. पान उलटताना बोटाऐवजी पोस्टकार्ड आत सरकवायचं. दोन तास लागले. त्यात मी पहिल्यांदा ते पुस्तक सबंध वाचलं. पेरणीची, उफणणीची, शाळेच्या वाटेवरची गाणी. फार मोठा कवी होता असं म्हणणार नाही. काही ठिकाणी यमकासाठी ओढाताण आहे. पण एका गाण्यात विहिरीचं रूपक असं आलं होतं की मी पोस्टकार्ड हातात धरून तशीच थांबले: 'आभाळाच्या आडाला गं कुणी सोडला दोर'. ३८ व्या पानावर तिकीट होतं. ते बाजूला काढून फोटो घेतला आणि परत ठेवलं.

एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून तीन प्रती छापून घेतल्या. पुस्तक मोकळं झालेलं असल्यानं तीनचं बंधन नव्हतंच, पण मी तीनच काढल्या. मला त्या कलमाचा मान राखावासा वाटला. एक देवघेवीत, एक शाळेला, एक काकांसाठी. पण काका कुठले? त्या महिन्याच्या वाचक नोंदवहीत सही होती आणि गावाचं नाव होतं. त्या नावाची आमच्या तालुक्यात दोन गावं आहेत, खुर्द आणि बुद्रुक, आणि त्यांनी नुसतं गाव लिहिलं होतं. दोन्हीकडे निरोप धाडले. तिसरी प्रत कपाटात राहिली.

निळी पाटी उतरवली. नवी लावली नाही. कोणी झेरॉक्स मागितली की पुस्तक उघडून, साल बघून, कशासाठी हवी ते विचारून सांगते. वेळ जातो. लेखक हयात आहे, पुस्तक दुकानात मिळतंय, आणि सबंध पुस्तकच हवंय, तर मी आजही नाही म्हणते; दुकानाचं नाव लिहून देते. मला वाटायला लागलं होतं की हा कायदा आता मला कळला.

मग २०२० आलं. वाचनालय बंद. सभासदांचा व्हॉट्सअॅप गट होता, तो मीच चालवायचे. लोक पुस्तकांसाठी अक्षरशः तळमळत होते. एक निवृत्त नर्सबाई रोज विचारायच्या. कोणीतरी एका कादंबरीची पीडीएफ पाठवली, पानं तिरकी, मध्ये कोणाचा तरी अंगठा आलेला. मी ती गटावर पुढे ढकलली आणि वर लिहिलं, 'वाचनालय बंद असलं तरी वाचन थांबायला नको.' लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. मलाही बरं वाटलं. दहाएक दिवसांनी लेखकाचा फोन आला. आमच्याच जिल्ह्यातला माणूस, आमच्या वर्धापनदिनाला येऊन गेलेला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्या ग्रुपवरनं माझं पुस्तक फिरतंय. पाचशेची आवृत्ती काढलीय. निम्मी प्रकाशकाच्या घरात पडून आहे. दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर काही वाटलं नसतं."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही त्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेलेल्या कवीच्या, विकत न मिळणाऱ्या पुस्तकासाठी मी कलमं वाचली, शाळेच्या भिंतीवरची तसबीर पुसली, कार्यवाहांना वर्षं मोजून दाखवली. आणि समोर नांदत्या लेखकाच्या ताज्या पुस्तकासाठी एका बोटानं 'फॉरवर्ड'. तिथे भीती वाटली नाही, कारण तिथे यंत्राचा आवाज नव्हता, शाईचा वास नव्हता, टेबलाशी कोणी उभं नव्हतं. कायदा जतनासाठी साठवायला परवानगी देतो, वाटायला नाही, हे मला त्या दिवशी पाठ होतं. पाठ असूनही मी ते केलं. गटावर मी लेखकाची जाहीर माफी मागितली, फाइल पुसायला सांगितली, आणि प्रकाशकाचा नंबर दिला. पंधरा-वीस प्रती गेल्या असतील. ती काही भरपाई नव्हे.

तेव्हापासून देवघेवीच्या चिठ्ठीकडेही मी वेगळ्या नजरेनं बघते. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांचे शिक्के एकाखाली एक. एखाद्या लोकप्रिय कादंबरीला दीडशे शिक्के असतात. आम्ही एकदा पैसे दिले, दीडशे घरांत ते पुस्तक जाऊन आलं. यात बेकायदा काही नाही. एकदा विकली गेलेली प्रत पुढे कोणाच्या हाती जाते यावर लेखकाचा हक्क चालत नाही आणि चालू नये, नाहीतर सार्वजनिक वाचनालय ही गोष्टच उरणार नाही. ब्रिटननं १९७९ साली कायदा करून ग्रंथालयातून पुस्तक गेलं की सरकारनं लेखकाला थोडे पैसे द्यायची सोय केली. आपल्याकडे तसं नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेली पाच सूत्रं आम्ही सगळे तोंडपाठ म्हणतो: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. मला ती मनापासून पटतात. पण ज्यानं लिहिलं तो त्या सूत्रांत कुठे बसतो, हे मी त्या फोननंतर पहिल्यांदा शोधायला लागले.

आणि शोधताना लक्षात आलं की आपल्या भाषेला हा माणूस फार आधीपासून माहीत होता. प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं. पैशाचा तिथे काही संबंध नव्हता. पण संतांची वचनं मोडून ती आपली म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोवर तुकोबा चिडलेच. जो सर्वस्व इंद्रायणीत सोडायला तयार झाला त्यालाही आपले शब्द दुसऱ्याच्या नावानं फिरलेले सोसले नाहीत. कायद्यात कलम ५७ आहे. लेखकानं सगळे हक्क विकून टाकले तरी दोन गोष्टी त्याच्याकडेच राहतात: हे मी लिहिलं असं सांगण्याचा हक्क, आणि त्याची मोडतोड होऊन नाव खराब होत असेल तर हरकत घेण्याचा. गटावर फिरलेल्या त्या पीडीएफचं पहिलं पान गायब होतं. लेखकाचं नाव कुठेच नव्हतं. मी पाठवताना ते पाहिलंही नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात, बाजारच्या दिवशी, काका आले. मी ओळखलं ते चपला काढताना. पाठीत वाकले होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काही न बोलता कपाटातून तिसरी प्रत आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना कळेना. "ही तुमची आहे," म्हटलं. "तेव्हा मी नाही म्हटलं होतं ते चूक होतं. या पुस्तकाला तसं काही बंधन नव्हतं." त्यांनी पानं उलटली, पिशवीतून तीच दोनशे पानी वही काढली. मे महिन्यात ते आजारी पडले होते, मग बरे झाले, मग राहून गेलं. म्हणाले, "निम्मं तुमच्याकडनं उतरलं. ऱ्हायलेलं आईचं आठवून लिवलं." त्यांची आई जात्यावर ही गाणी म्हणायची. मास्तर त्यांच्याच गावच्या शाळेत होते. गाणी पुस्तकात छापलीत हे आई गेल्यावर कुणाकडून तरी कळलं, म्हणून ते त्या उन्हाळ्यात शोधत आले होते.

आम्ही दोघं खिडकीत बसलो, प्रत आणि वही शेजारी ठेवून. ३८ व्या पानापर्यंत तंतोतंत. मग वेगळं व्हायला लागतं. कडवी पुढेमागे, दोन गाणी पुस्तकात नाहीतच. त्या विहिरीच्या गाण्यापाशी काकांनी बोट ठेवलं. वहीत होतं, 'आभाळाच्या आडाला गं माज्या भावाचा दोर'. "हे छापलेलं चुकलंय," ते ठामपणे म्हणाले. "आई असंच म्हणायची."

छापलेलं चुकलं नव्हतं. पण मला ते खोडावंसं वाटलं नाही. मी विचारलं, "काका, या वहीची प्रत काढून वाचनालयात ठेवू का? तुमची परवानगी लागेल. वही तुमची आहे." ते माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे, जिथे पाटी होती तिथे. खिळ्यांची दोन भोकं अजून आहेत. "माजी परवानगी?" "हो. लेखी." मी कागद पुढे केला. त्यांनी सावकाश, तेच मोठं थरथरतं अक्षर काढत सही केली. यावेळी गावापुढे खुर्द लिहिलं.

मी दाखल नोंदवही उघडली. नवा दाखल अंक टाकला, तारीख टाकली, आणि 'लेखक' या रकान्यापाशी आल्यावर त्यांचं नाव लिहायला पेन टेकवलं, तोच त्यांनी हात आडवा केला.

"माजं नगं ताई. आईचं घाला."

मी आईचं नाव विचारलं. त्यांनी सबंध सांगितलं, माहेरच्या आडनावासकट.